ज्या पट्ट्यानं दिलं नाही

९ सप्टेंबर १९९४, शुक्रवार

ही वही इंजिनियरनं दिली. बियाण्याच्या कचेरीतला पोरगा आहे, समुद्राकडचा. आमचा चढ चढला की त्याचे ओठ निळे पडतात. म्हणाला, "आजी, तुम्हाला लिहिता येतं. रोज लिहून ठेवा. पाऊस कधी आला, हिंव कधी पडलं, पेरलं कधी." मी म्हटलं, मला हुआमांगा शहरात नन बायकांनी लिहायला शिकवलं, तेही पन्नाशी उलटल्यावर. मोठे शब्द मागू नकोस. तो म्हणाला, छोटे चालतील.

तर छोटे शब्द असे: पाऊस नाही. हिंव रोज पडतं. पेरलं नाही.

गावात परतून तेवीस दिवस झाले. दहा वर्षांपूर्वी गोळीबारात पळालो तेव्हा बासष्ट चुली होत्या, परत आल्या नऊ. छपरं जळालेली, भिंतींवर गवत. देवळाचं छप्पर तेवढं अर्धं शिल्लक आहे, म्हणून सगळे तिथंच झोपतो. माझ्या शेजारी सून निकानोरा, तिच्या पलीकडं नात रूफीना.

निकानोराला यायचंच नव्हतं. शहरात ती लोकांचे कपडे धुवायची, हात सोलून निघायचे, पण म्हणायची तिथं नळ आहे. शेवटी अट घातली, "एक पीक. आलं तर राहीन. नाही आलं तर रूफीनाला घेऊन परत जाईन, मग मला अडवायचं नाही." मी म्हटलं, "अडवायला मी काय फाटक आहे?"

१८ सप्टेंबर, रविवार

आज सभा झाली. अल्बिनोला गावचा अध्यक्ष केलाय. पळालो तेव्हा पंधरा वर्षांचा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती. आता हातात काठी घेऊन उभा राहतो, तर बरा दिसतो.

भांडण पट्ट्यांवरून झालं. आमची वरची जमीन सात पट्ट्यांची, साऱ्या गावाची मिळून. बटाटा दर वर्षी एका पट्ट्यात. त्याच्या मागून एक वर्ष जव, मग ती जमीन झोपते, तिच्यावर मेंढरं चरतात. सातव्या वर्षानंतर बटाटा फिरून तिथं येतो. आपल्या मनानं मध्येच कुठं पेरायचं नाही, पेरलं तर मेंढरं खातात आणि कोणी हळहळत नाही. आता दहा वर्षं इथं कोणीच नव्हतं. मग बटाटा पोचला कुठं?

एक म्हणाला वर्षं मोजा, माणसं नसली म्हणून काय, वर्षं गेलीच ना. दुसरा म्हणाला जिथं थांबला तिथून पुढं. पण थांबला कुठं हे कोणाला नक्की सांगता येईना. म्हातारे सगळे मातीत, नाहीतर शहरात आंधळे होऊन बसलेत. अल्बिनो माझ्याकडं वळला. "फोर्तुनाता काकू, तुम्हीच सांगा."

मला माहीत आहे. माझ्या सुनेचा नवरा जन्मला त्या वर्षी बटाटा हातुनपाता या पट्ट्यात होता. तो सातचा झाला तेव्हा तिथं, चौदाचा झाला तेव्हा तिथं, एकवीसचा झाला तेव्हाही तिथं. त्यानंतर आम्ही नव्हतोच.

मी म्हटलं, "शेवटचा हातुनपातात होता. हातुनपातानंतर कोचापंपा येतो." दोन्ही गोष्टी खऱ्या. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कोचापंपा ठरला.

निकानोरा माझ्याकडं बघत राहिली. मी तिला म्हटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का.

पट्ट्यांचा आणखी एक नियम होता, माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. तो कोणी विचारला नाही. आणि कोचापंपा सपाट आहे, जवळ आहे. हातुनपाताचा चढ माझ्या गुडघ्यांना झेपत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

कोचापंपात पेरणी सुरू. सकाळी सगळ्यांनी जमिनीला चिचा, मक्याची दारू, पाजली, कोकाची पानं पुरली. सातुर्नीनानं पुरायच्या आधी त्यातली चांगली पानं स्वतःच्या गालात सरकवली. ती माझ्या पोराची धर्माची आई, म्हणून मी तिला कोमाद्रे म्हणते, नाहीतर कधीच सांगितलं असतं. म्हणाली, "धरणीला दात नाहीत फोर्तुनाता, तिला चुरा चालतो."

दोन पुरुषांनी लांब काठीचा नांगर पायानं दाबून रोवायचा आणि समोर बसलेल्या बाईनं ढेकूळ उलटायचं, ही आमची रीत. बाईनं नांगराला पाय लावला तर बी रुसतं म्हणतात. पण पुरुष आहेत सहा, त्यातला एक लंगडा. दुपारपर्यंत दोन ओळी झाल्या. मग निकानोरानं परकर खोचला आणि नांगर उचलला. लंगडा फेलिपे म्हणाला, "बी रुसेल गं." ती म्हणाली, "रुसू दे. मी पण दहा वर्षं रुसलेय, कोण समजवायला आलं?" संध्याकाळपर्यंत चार बायका नांगरावर होत्या. मीही अकरा घाव घातले. मोजले.

इंजिनियरचं बियाणं मोठं, गुळगुळीत, पांढरं. एकही डोळा वाकडा नाही. मला असल्या चेहऱ्याच्या माणसांचा भरवसा वाटत नाही. पण आमचं जुनं बी जळालं ते जळालं. शहरात आम्ही ते बटाटे नावानं आठवत बसायचो, मेलेल्या नातलगांसारखं. काळा, मांजराच्या नाकासारखा, आणि तो गाठीगाठींचा, ज्याला आम्ही सूनरडव्या म्हणतो. नवी सून घरात आली की सासू तो तिच्या हातात देते. पातळ साल काढून दाखवली तर पोरगी कामाची.

निकानोरानं एवढी जाड साल काढली होती की मेंढीला पुरली असती. अंगठाही कापला. तिचा नवरा हसला, तिच्या हातातनं सुरी घेतली आणि माझ्यासमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर, स्वतः सोलायला बसला. मी अजून विसरले नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

पाऊस. दोन बोटं.

२ नोव्हेंबर, बुधवार, मेलेल्यांचा दिवस

भाकऱ्या भाजल्या. निकानोरा म्हणाली, "हातुनपातावर घेऊन जाऊ." मी म्हटलं, माझे गुडघे. ती म्हणाली, "हळूहळू जाऊ." मी म्हटलं, हळू गेलं म्हणून चढ कमी होत नाही. गावातल्या दफनभूमीत ठेव भाकरी, मेलेल्यांना वास येतो.

ती एकटी गेली. दिवस कलताना आली. शालीत काहीतरी बांधलेलं होतं. शेण असेल, वरती जंगली लामांचं पडलेलं असतं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार

काळी मेंढी हरवली. मी खिंडीपर्यंत जाऊन घेऊन आले. सातुर्नीना दारात बसली होती. "खिंडीपर्यंत गेलीस? हातुनपाताच्या दुप्पट चढ आहे तो."

"मेंढी हातुनपाताला गेली नव्हती," मी म्हटलं.

"मेंढी शहाणी," ती म्हणाली आणि पानं चघळत राहिली. हल्ली तिला ऐकू कमी येतं म्हणतात. मला वाटत नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

कोचापंपा हिरवा झाला. वीतभर रोपं, सगळी एका उंचीची, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. अल्बिनो शेताच्या कडेनं असा चालतो जणू त्यानंच ती अंडी उबवलीत.

निकानोरा एक दिवसाआड वर जाते. रिकामी शाल घेऊन जाते, भरलेली आणते, देवळामागच्या मोडक्या खोलीत नेऊन ठेवते. एवढ्या शेणाचं करायचं काय? सरपण तर रूफीना आणते. शहरातून सामान घेऊन येणारा तो खेचरवाला त्याच वाटेनं उतरतो. ती अजून तिशीतली आहे. मला काय करायचंय. पण मातीच्या भरणीला हात कमी पडतायत आणि ही डोंगर चढतेय, एवढं मी तिच्या तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "वीस दिवस थांबा."

जायची तयारी चालली असेल. जा म्हणावं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काल आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं, वारा पडला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच होतं.

सकाळी कोचापंपा काळा होता. पानं हातात घेतली की शिजलेल्या भाजीसारखी लिबलिबीत. कोचापंपा खोलगट, रात्री सगळी थंडी उतरून तिथं बसते. आमचा जुना बटाटा असली थंडी अंगावर घेऊन परत फुटायचा. हा पांढरा एका रात्रीत मेला.

इंजिनियर दुपारी पोचला. ओठ नेहमीपेक्षा निळे. म्हणाला, "या उंचीला टिकायला हवं होतं."

"हवं होतं म्हणजे कुठं लिहिलं होतं?" लंगड्या फेलिपेनं विचारलं.

"कागदावर."

"कागद पेर मग."

पोरगा रडायला आला. मी त्याला गरम सार दिलं. त्याची काय चूक. त्यानं मला विचारलं नव्हतं, गावानं विचारलं होतं.

तीन घरांनी गाठोडी बांधली. खेचरवाला शुक्रवारी येतो.

२३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मी चुलीपाशी बसले होते. निकानोरा आली आणि माझ्या मांडीवर एक बटाटा टाकला. गाठीगाठींचा, जांभळा, कोंब फुटलेला, कोंबडीच्या अंड्याएवढा. सूनरडव्या.

मी तो हातात फिरवून बघितला. मग विचारलं, "कुठून आणलास?"

"जिथं तुमचे गुडघे जात नाहीत तिथून."

मला हाताला धरून देवळामागच्या खोलीत नेलं. तिथं गवतावर पसरलेले. काळे, मांजराच्या नाकाचे, पिवळ्या पोटाचे, सगळे. लहान आहेत, काहींना किडे लागलेत, पण आहेत. चार-पाच पोत्यांचा ऐवज. त्या वर्षी पेरलेलं पीक काढायला कोणी उरलंच नव्हतं. ते जमिनीत राहिलं, आपणच फुटलं, आपणच धरलं, असं दहा वर्षं. आणि ही बाई तीन आठवडे गुडघ्यांवर बसून बोटांनी उकरत होती, आणि मी तिला खेचरवाल्याशी जोडून बसले होते.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वर आला असतात का?"

मी बटाट्यावरची माती अंगठ्यानं पुसली.

"हे हातुनपातातच पेरायला हवं," ती म्हणाली. "तिथं थंडी बसत नाही, घरंगळून खाली जाते. पण पाळी नसताना तिथं पेरू देणार नाहीत. पाळी तुम्ही सांगितलीत, आता तुम्हीच बघा."

मी म्हटलं, तिथं नांगर लावायचा म्हणजे तुला कळतंय का काय लागेल नांगराला.

तेव्हा ती त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलली. दहा वर्षांत बोलली नव्हती. "त्या दिवशी वरून गोळ्यांचा आवाज आला. मी वर पळत होते. तुम्ही मला वेणीला धरून खाली ओढत नेलंत. ओढ्यापर्यंत. मी ओरडत होते, तरी सोडलं नाहीत."

"तुझ्या पोटात रूफीना होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याबरोबर राहिले. पण माझा नवरा तिथं उघड्यावर आहे, आणि तुम्ही मेंढरं शोधत हिंडताय."

दुपारी मी कोंब मोडणार नाहीत अशा बेतानं बटाटे निवडून ठेवले. हाताला काम हवं होतं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सभा मी बोलावली. म्हाताऱ्या बाईनं सभा बोलवायची रीत नाही, पण बायकांनी नांगरही चालवलाय.

मी उभी राहून सांगितलं. सासऱ्यांचा नियम असा: गारपिटीनं किंवा कशानंही ज्या पट्ट्यातलं पीक हाती आलं नाही, त्याची पाळी संपत नाही. पुढच्या वर्षी परत तिथंच. हातुनपातातलं शेवटचं पीक कोणी काढलेलं नाही. पाळी त्याचीच होती. कोचापंपाची नव्हती. मी खोटं बोलले नाही, पण अर्धंच बोलले.

अल्बिनो म्हणाला, "काकू, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"गुडघे," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. सातुर्नीनासुद्धा. फेलिपे उठला. "आमचा घाम गेला, बी गेलं, पेरणीचे दिवस गेले तुमच्या गुडघ्यांपायी." बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

मग निकानोरानं चादर उघडून बटाटे दाखवले. माणसं जवळ आली. सातुर्नीनानं काळा उचलला, नाकाला लावला आणि किती वेळ तसाच धरून ठेवला. फेलिपे म्हणाला, "उशीर झालाय. डिसेंबरात पेरलं तर मेपर्यंत जेमतेम येईल."

"जेमतेम तर जेमतेम," अल्बिनो म्हणाला. "उद्यापासून तयारी, मग वर."

मी अजून उभीच होते. म्हटलं, एक आहे. वर माझा मुलगा आहे. कुठल्या बाजूला ते मला माहीत नाही. नांगराला लागेल कदाचित. लागला तर थांबा आणि मला हाक मारा. मला आणि निकानोराला. आधी दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

अल्बिनोनं टोपी काढली. मग सगळ्यांनी काढली.

बांधलेल्या तीन गाठोड्यांपैकी दोन सुटली. एक घर उद्या शुक्रवारी जाणारच. त्यांना मी बोल लावत नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

हातुनपाता. चढले. दुखतात खरंच, पण चढतात.

गवत उलथायला वेळ नाही, म्हणून नांगरानं फट पाडायची, आत बी, वर पायाचा दाब. बी कमी आहे तर मोठे बटाटे कापून, प्रत्येक तुकड्याला एक डोळा ठेवून. इंजिनियरही आला. त्याला नांगर दिला तर तिसऱ्या घावाला खाली बसला. सातुर्नीना म्हणाली, "याला बियाबरोबर पेरा, दोन-चार इंजिनियर येतील. एखादा बरा निघेल." तो पण हसला. संध्याकाळपर्यंत त्यानं नऊ घाव घातले. माझ्यापेक्षा दोन कमी.

प्रत्येक घावाला मी कान देऊन होते. माती मातीसारखीच वाजत होती.

५ डिसेंबर, सोमवार

सापडला.

वरच्या बांधाशी, दगडांच्या आडोशाला. अल्बिनोच्या नांगराला टायरची चप्पल लागली. त्यानं हाक मारली आणि पाठ फिरवून उभा राहिला. सगळे पाठ फिरवून उभे राहिले.

आम्ही दोघींनी हातांनी माती काढली. कोण आले होते ते आता विचारू नका. शिपाई आणि बंडवाले, दोन्हीकडचे यायचे, दोघांच्या पायांत बूटच असायचे. तोंड वरच्या बाजूला होतं, डोंगराकडं. खाली आमच्याकडं येत नव्हता तो. त्यांना वर नेत होता, आमच्यापासून लांब. निकानोराला हे माझ्या आधी दिसलं.

माझ्या शालीत गुंडाळून आणला. जड नव्हता. जन्मला तेव्हाही याच शेतात जन्मला, पेरणीच्या दिवसांत. मी ओळ पुरी करायला गेले नि इथंच बसले, आणि सातुर्नीनानं दातांनी नाळ तोडली. तेव्हाही शालीतच खाली आणला होता.

७ डिसेंबर, बुधवार

देमेत्रियोला दफनभूमीत ठेवलं. रूफीनानं वर भाकरी ठेवली. तिनं बापाला कधी पाहिलं नव्हतं. विचारत होती, "आजी, उंच होता का गं?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार, मला तो लहानच आठवतो.

अल्बिनो म्हणाला, वरची ती जागा मोकळी सोडू. मी म्हटलं, कशाला? त्यानं बटाटा लावायला जायचं टाळलं असतं का कधी? पेरा. निकानोरानं त्या जागी सूनरडव्या लावला. मुद्दाम.

८ जानेवारी १९९५, रविवार

पाऊस चांगला. रोपं एका उंचीची नाहीत. कोणी बुटकं, कोणी तिरकं, फुलं जांभळी, पांढरी, गुलाबी. गावासारखंच.

हिंव पडलं. पानांची टोकं जळाली. आठ दिवसांत परत फुटली.

२७ मे, शनिवार

तीन दिवस खणतोय. फार नाही. पोटापुरतं, बियापुरतं, आणि थोडं गोठवून वाळवायला. फेलिपे म्हणतो, जेमतेम. मी म्हटलं, तू बोललाच होतास, आता तुला देवळात बसवू का. शहरातून दोन घरं बघायला आलीत. त्यातलं एक नोव्हेंबरात, त्या शुक्रवारी गेलेलं. त्यांनी खाली मान घालून फावडं मागितलं, अल्बिनोनं दिलं, संपलं.

इंजिनियरनं वही मागितली. मी म्हटलं, पावसाचं फार नाही यात. पुढची कोरी पानं फाडून, त्यावर पाऊस-हिंवाच्या तारखा लिहून दिल्या. मागच्या पानावर सातही पट्ट्यांची नावं ओळीनं लिहिली आणि त्याखाली सासऱ्यांचा नियम. ते पान अल्बिनोकडं राहील. यापुढं म्हातारीला विचारायला नको.

निकानोराची अट होती एक पीक. पीक झालं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. गाठोडं मात्र मी दोनदा बघितलं, बांधलंय का.

संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली. टोपलीतून सूनरडव्या काढला, त्या वरच्या जागेतला, आणि सुरी. न विचारता सोलायला लागली. गाठीभोवती सुरी फिरवत, जीभ दातांत धरून. साल मांडीवर पडत गेली. सोलून झाल्यावर तिनं ती उचलून माझ्या हातात दिली.

मी उजेडाला धरून बघितली.

"जाड आहे," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी पातळ काढीन," ती म्हणाली.

मग तिनं तो चुलीवर ठेवला. उकडलेला बटाटा खाल्ला. मीठ कमी होतं.